कादंबरीचे चित्र आणि आंबोलीचे धुके

मराठीत 'कादंबरी' हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की, ते मुळात एका मुलीचे नाव आहे याचे भान राहत नाही. सातव्या शतकात कनोजच्या हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने एक दीर्घ गद्यकथा लिहावयास घेतली. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वळणाच्या दीर्घकथा मराठीत अवतरू लागल्या. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. या नव्या प्रकाराला आपल्याकडे त्या जुन्या नायिकेचेच नाव चिकटले. बंगालीने 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा' म्हटले. मराठी आणि कन्नड मात्र बाणाच्या गंधर्वकन्येपाशी थांबल्या.

नाव घरोघर पोचले, ग्रंथ मात्र कपाटात राहिला. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी विस्तृत टीपांसह सिद्ध केलेली 'कादंबरी'ची आवृत्ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हाताळली. परीक्षा संपल्यावर ती पुन्हा उघडणारे थोडेच. तरीही चित्रकार आणि कवी या ग्रंथाकडे अधूनमधून वळत राहिले आहेत. ते त्यातून काय उचलतात, काय गाळतात आणि कशापायी, हा या लेखाचा विषय. या प्रश्नाचे उत्तर शोधताना सिंधुदुर्गातील आंबोलीचा आधार घेतला आहे. तो का, ते ओघात स्पष्ट होईल.

कथा थोडक्यात सांगणे अवघड आहे, कारण ती एकात एक बसवलेल्या डब्यांसारखी आहे. विदिशेच्या शूद्रक राजाच्या दरबारी एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. पोपट आपली हकीकत सांगू लागतो: विंध्यारण्यातले बालपण, शाल्मलीच्या झाडावरचे घरटे, शबरांची शिकार आणि जाबाली ऋषींचा आश्रम. मग जाबालींनी सांगितलेली कथा पोपटाच्या तोंडून सुरू होते. तिच्यात उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड दिग्विजयावर असताना किन्नरांच्या एका जोडीचा पाठलाग करीत हिमालयात वाट चुकतो आणि अच्छोद सरोवराच्या काठी येतो. तेथे शिवमंदिरात वीणा वाजवीत बसलेली तपस्विनी महाश्वेता त्याला भेटते. आता ती आपली कथा सांगते: पुंडरीक नावाच्या मुनिकुमारावर जडलेले प्रेम, एका चांदण्या रात्री त्याचा झालेला अंत, त्याचा देह उचलून नेणारा दिव्य पुरुष आणि त्याने दिलेले पुनर्भेटीचे वचन. महाश्वेतेच्या दुःखापायी विवाह न करण्याची शपथ घेतलेली तिची सखी म्हणजे कादंबरी. म्हणजे ग्रंथाला जिचे नाव, ती वाचकाला भेटेपर्यंत अर्धाअधिक ग्रंथ संपलेला असतो.

ही कथा बाणाची स्वतःची नव्हे. पैशाची भाषेत गुणाढ्याने रचलेल्या 'बृहत्कथे'त तिचे मूळ होते, असे अभ्यासक मानतात. गुणाढ्याची परंपरा आपल्या पैठणच्या सातवाहनांशी जोडली जाते, हे मराठी वाचकाला सुखावणारे. मूळ 'बृहत्कथा' लुप्त झाली, तरी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त हीच गोष्ट दुसऱ्या नावांनी, थोडक्यात आणि झपाट्याने सांगितलेली आढळते. ती शेजारी ठेवून बाण वाचला की ध्यानात येते, ते असे की घटना जवळपास त्याच आहेत. बाणाने बदलला तो घटनेपर्यंत पोचण्याचा वेळ. म्हणजे अभिजात कृतीवरून नवी कृती करताना काय ठेवावे आणि काय बदलावे, हा पेच पहिल्यांदा बाणापुढेच उभा राहिला होता.

रवींद्रनाथ ठाकुरांनी 'प्राचीन साहित्य' (१९०७) या संग्रहातील 'कादंबरीचित्र' या निबंधात या वेळ काढण्याचा अर्थ लावला. कथा पुढे जाण्याची बाणाला घाई नाही, तो एकामागून एक चित्रे मांडतो आणि वाचकाने प्रत्येक चित्रापाशी थांबावे अशी त्याची अपेक्षा असते, असा त्यांचा एकंदर रोख. हे मत इतके रूढ झाले आहे की, 'कादंबरी' म्हणजे चित्रशाळा हे समीकरणच होऊन बसले. चित्रकारालाही मग वाटते, काम सोपे आहे. चित्र तयार आहे, रंग तेवढे भरायचे.

येथेच खरी फसगत होते. बाणाच्या महत्त्वाच्या प्रवेशांकडे पुन्हा एकदा पाहावे. चांडाळकन्या दरबारात येते तेव्हा राजाचे लक्ष वेधण्यासाठी हातातील वेळूची काठी फरशीवर आपटते. त्या एका आवाजाने सारा दरबार वळून पाहतो, आणि मगच बाण तिचे वर्णन सुरू करतो. महाश्वेतेचे गाणे आणि वीणा चंद्रापीड आधी ऐकतो; ती दिसते पुष्कळ नंतर. पुंडरीक महाश्वेतेला प्रथम दिसत नाही. वसंत ऋतूत आईबरोबर स्नानाला आलेली ती, सरोवराकाठी कुठल्याशा अनोळखी फुलाचा गंध दरवळतो म्हणून त्याच्या मागावर जाते आणि कानावर पारिजाताची मंजिरी खोवलेला तो कुमार तेव्हा तिच्या दृष्टीस पडतो. त्याच्या मृत्यूची वार्ताही तिला डोळ्यांनी कळत नाही. चांदण्यातून त्याच्या भेटीला निघालेल्या तिच्या कानी दुरून रडण्याचा आवाज येतो. तो आवाज त्याच्या मित्राचा, कपिंजलाचा, असे ती ओळखते.

कान, नाक आणि सर्वांत शेवटी डोळा, असा हा क्रम आहे. बाण चित्रे काढतो हे खरेच, परंतु प्रत्येक चित्रापूर्वी तो आपल्याला काही काळ आंधळे करून ठेवतो. डोळ्यांना मिळणारी मेजवानी एवढी गोड लागते ती या उपासामुळे. चित्राला हा क्रम पाळता येत नाही. ते भिंतीवर टांगले की एकदम सगळे दिसते.

आता आंबोलीकडे वळू. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील सावंतवाडी तालुक्यातील हे गाव. वेंगुर्ले बंदराहून बेळगावच्या छावणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा मुक्काम म्हणून इंग्रजी अमदानीत ते नावारूपाला आले. कर्नल वेस्ट्रॉप या पोलिटिकल एजंटचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणारे हे ठिकाण पावसाळ्यात धबधब्यासाठी गाजते, आणि शनिवार-रविवारी जी झुंबड उडते तिच्याविषयी न बोललेले बरे. मात्र आडवारी, जुलैच्या मध्यावर, तिथे चार दिवस राहिलेल्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळते. धुक्यात दहा पावलांवरचे दिसेनासे होते आणि कान डोळ्यांचे काम करू लागतात. घाट चढणारी एस.टी. आधी ऐकू येते, तिचे दिवे बऱ्याच वेळाने उजळतात. धबधबा कोणत्या अंगाला आहे हे आवाजावरून ठरवावे लागते. शीळकरी कस्तूर माणसासारखी लांबलचक शीळ घालतो, आणि झाडी कितीही न्याहाळली तरी तो पक्षी दिसेलच असे नाही. रात्री बेडकांचा तर नुसता गदारोळ, दर्शन मात्र एखाद्याचेच.

बाणाने हिमालयात कल्पिलेला ज्ञानेंद्रियांचा क्रम येथे सह्याद्रीच्या कड्यावर फुकट अनुभवता येतो. म्हणून 'कादंबरी'वरील चित्रासाठी किंवा कवितेसाठी जागा शोधणाऱ्याला आंबोली सुचवावीशी वाटते. हिरण्यकेशीचे उगमस्थान पाहिल्यावर तर साम्य अधिकच जाणवते. गुहेतून झिरपत येणारे पाणी, त्यापुढे कुंड आणि शिवाचे स्थान. 'अच्छोद' या नावाचा अर्थच मुळी स्वच्छ पाण्याचे. या कुंडातील एका इवल्या माशाची शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. पाण्याच्या स्वच्छतेला याहून चांगले प्रमाणपत्र कोणते? पुढे ही नदी पूर्वेकडे वळून आजरा, गडहिंग्लजमार्गे घटप्रभेला मिळते.

परंतु कुंडाकाठी एक वीणाधारी स्त्री बसवून चित्र पुरे करणे हा सोपा मार्ग झाला. तो कुठे नेतो, हे पाहण्यासाठी राजा रवि वर्मा यांच्याकडे जावे लागेल. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या त्यांच्या छापखान्याने पुराणातल्या आणि संस्कृत काव्यातल्या स्त्रिया मराठी घरांच्या भिंतींवर आणल्या. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'कादंबरी' या चित्रात तंतुवाद्य घेऊन बसलेली एक तरुणी दिसते. चित्र देखणे आहे. बोटांची ठेवण, वस्त्राच्या चुण्या, मुखावरचा किंचित हरवलेला भाव, सगळे तैलरंगाच्या यथार्थवादी शिस्तीत. तथापि बाण वाचलेल्याला येथे थबकायला होते. ग्रंथात वीणा घेऊन बसलेली जी मूर्ती वाचकाच्या मनात ठसते, ती महाश्वेतेची. चित्राखाली नाव आहे कादंबरीचे.

याला चूक म्हणण्याची घाई करू नये. वाद्य वाजवणारी एकाकी स्त्री हा प्रेक्षकाला झटकन उमगणारा विषय आहे. 'कादंबरी' हे नाव 'महाश्वेता'पेक्षा अधिक परिचित. आणि चौकटीत एकच व्यक्ती ठेवली की कथा ठाऊक नसलेलाही चित्राशी नाते जोडू शकतो. या निवडीमागे तर्क आहे आणि तो व्यवहाराला धरून आहे. पण तिची किंमतही मोजावी लागते. वीणेचा आवाज ऐकत जंगलातून कुणीतरी येते आहे, ही गोष्ट नाहीशी होते. बाणाकडे ऐकणारा आधी आहे आणि वाजवणारी नंतर. चित्रात वाजवणारीच उरली.

दुसरा प्रश्न रंगाचा. महाश्वेता म्हणजे अतिशय गोरी, शुभ्र. तिचे वर्णन करताना बाण पांढऱ्या वस्तूंची एवढी लांबलचक माळ ओवतो की वाचकाला अक्षरशः दिपल्यासारखे होते: चंद्र, शंख, हस्तिदंत, फेस, दूध. तिच्या अंगकांतीने भोवतालचे रानही उजळते. शब्दांत हे शोभते, कारण प्रत्येक उपमेत पांढऱ्याची छटा निराळी. रंगात मात्र पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. तैलरंगाचा चित्रकार पार्श्वभूमी काळोखी करून ही अडचण सोडवतो, आणि मग मूर्ती रंगमंचावरच्या झोतात उभी केल्यासारखी दिसते. रान उजळण्याऐवजी विझते.

जलरंगाच्या चित्रकारापुढे दुसरी वाट असते: पांढरा रंग लावायचाच नाही, कागद तसाच सोडायचा. आंबोलीच्या पावसात ही वाट सक्तीची होते. हवेत इतका ओलावा असतो की एक हात दिला की तो वाळतच नाही; दुसरा दिला की पहिल्यात मिसळतो, कडा पसरतात, कागद फुगतो आणि तो चुलीजवळ धरण्याची पाळी येते. अशा हवेत रेखीव नाकडोळे काढणारा वैतागून परत जातो. जो राहतो तो झाडाचा बुंधा अर्ध्यावर सोडायला शिकतो. धुक्याची जागा म्हणजे न रंगवलेला कागद, हे त्याला हळूहळू उमगते. त्या कोऱ्या जागेत महाश्वेता आहे असे केवळ सुचवता आले, तर बाणाच्या पांढऱ्या माळेच्या तो सर्वांत जवळ पोचेल. प्रेक्षकाला बाई दिसणार नाही, ही तक्रार येईलच. ती सोसण्याची तयारी हवी.

मग चित्रात दिसावे कोण? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर बाणानेच देऊन ठेवले आहे. सरोवराकाठी चंद्रापीड विसावला आहे, त्याचा घोडा इंद्रायुध चरतो आहे. वीणेचा स्वर प्रथम ऐकू येतो तो घोड्याला. तो तोंडातला गवताचा घास टाकतो, कान टवकारतो आणि मान वळवून आवाजाच्या दिशेने पाहतो. राजपुत्राला स्वर कळतो तो त्यानंतर. ध्वनी चित्रात आणायचा कसा, या पेचाची ही बाणाने केलेली उकल आहे. टवकारलेले कान रंगवता येतात. खाली पडलेला घास रंगवता येतो. पलीकडे नुसते धुके ठेवले तरी पाहणाऱ्याला त्यातून काहीतरी ऐकू येऊ लागेल.

विषयाच्या निवडीबद्दल आणखी एक खंत नोंदवावीशी वाटते. 'कादंबरी'तून चित्रासाठी प्रसंग निवडायचा म्हटले की हात सहसा नायिकांकडेच वळतो. ग्रंथातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग मात्र आरंभीच आहे. विंध्यारण्यातील जुनाट शाल्मली, म्हणजे आपली काटेसावर. तिच्या ढोलीत पोपटांची वस्ती. शबरांची टोळी शिकार करून निघून जाते. मागे राहिलेला एक म्हातारा शबर, ज्याला त्या दिवशी काहीच मिळालेले नाही, झाडावर चढतो आणि पिलांच्या माना मुरगळून खाली टाकू लागतो. कथा सांगणाऱ्या पोपटाचा वृद्ध बाप आपले पंख पसरून पिलाला झाकतो. त्याचीही मान मुरगळली जाते, आणि पंखाखालचे पिलू त्याच्याबरोबर वाळक्या पाचोळ्यावर पडून वाचते. तहानेने व्याकूळ झालेले ते पिलू नंतर पाण्याकडे सरपटत निघते. फाल्गुनात लालभडक फुलांनी लगडलेली काटेसावर ज्याने सह्याद्रीत पाहिली आहे, त्या चित्रकाराला येथे रंगही आयता मिळेल. पण दिवाणखान्यात टांगण्याजोगे हे चित्र नव्हे, आणि चित्रांचा बाजार बराचसा दिवाणखान्यावर चालतो.

चौकटीचा विचार करताना आंबोलीच्या पायथ्याकडे नजर टाकणे उपयोगाचे ठरेल. सावंतवाडीच्या गंजिफांचा गोल, लाखेचा हात दिलेला पत्ता एका आकृतीपुरता उत्तम. गोष्टीतली गोष्ट त्यात मावणार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी मात्र या ग्रंथासाठीच जन्मली असावी असे वाटते. ठाकर समाजाची ही कला. रामायण-महाभारतातील आख्यानांची चित्रे सुट्या कागदांवर असतात, त्यांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर कथा गातो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या कलेचे नाव शहरी वाचकापर्यंत नव्याने पोचले.

चित्रकथीत चित्र कधीच एकटे नसते. ते दिसण्यापूर्वी गाणे सुरू झालेले असते आणि पुढचा कागद कधी उलटायचा हे सांगणाऱ्याच्या हाती असते. भिंतीवरच्या चित्राला न साधणारा क्रम, आधी कान आणि मग डोळा, येथे जन्मजात आहे. पोपट, जाबाली आणि महाश्वेता असे एकामागून एक निवेदक बदलतात, तेही गाणाऱ्याच्या आवाजात बदलता येईल. चित्रशैलीही सोयीची आहे: चेहरे बहुधा बाजूने रेखलेले, डोळे टपोरे, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. बाणाच्या अलंकारांचा सोस कागदावर न उतरवता तो गाणाऱ्याकडे सोपवावा. ही नुसती कल्पना आहे. पण कुणा तरुण चित्रकाराने पिंगुळीच्या कलावंतांच्या सल्ल्याने ती अजमावून पाहायला हरकत नाही.

कवीची अडचण चित्रकाराच्या नेमकी उलट. त्याला नाद मिळतो, पण बाण स्वतः पद्य लिहीत नाही. तो गद्य लिहितो आणि तेही असे की कवीने त्यात घालायला फारसे काही उरू नये. सगळे जग बाणाचे उष्टे आहे, अशी संस्कृत पंडितांची जुनी उक्ती आहेच. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने वैतागून या गद्याला अरण्याची उपमा दिली होती: खाली झुडपे माजलेली, प्रवाशाने वाट तोडत जावे आणि वर अनोळखी शब्दांची श्वापदे टपलेली. वेबरला हा दोष वाटला. आंबोलीच्या रानात पावसाळ्यात शिरणाऱ्याला तो तसा वाटेलच असे नाही. तिथे ती खालची झाडोरीच तर अरण्य असते.

हे अरण्य मराठी पद्यात आणण्याचा गाजलेला प्रयत्न गोविंद बल्लाळ देवलांचा. त्यांचे 'संगीत शापसंभ्रम' हे नाटक (१८९३) 'कादंबरी'वर आधारलेले आहे. देवल मूळचे सांगलीजवळच्या हरिपूरचे, पण ज्या बेळगावात ते अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात घडले, ते आंबोलीहून घाटमाथ्याच्या रस्त्याने साधारण सत्तर किलोमीटरवर. नाटकाच्या शीर्षकातच देवलांची निवड दिसते. नायिकेचे नाव सोडून त्यांनी शाप पुढे आणला. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने १८८० पासून मराठी प्रेक्षकाला शापाच्या कथेची गोडी लावली होती, तेव्हा त्याला ओळखीचा वाटेल असाच धागा त्यांनी उचलला. संगीत नाटकाला पदे लागतात. पद गाण्यासाठी पात्र समोर उभे असावे लागते, आणि साकी, दिंडीसारख्या रचनांत एका वेळी एकच भाव मावतो. बाणाच्या दोन पानी समासाला तेथे थारा नाही. जी महाश्वेता मूळ ग्रंथात घडून गेलेले आठवून सांगते, तिला रंगभूमीवर ते प्रेक्षकांच्या देखत भोगावे लागते. स्मरणाची जागा प्रत्यक्ष घटना घेते, आणि भावनेला धार आली तरी काळाचा थर निघून जातो.

आजच्या कवीवर नाटकाची सक्ती नाही, वृत्ताचीही नाही. त्याने बाणाकडून उचलण्याजोगी गोष्ट निराळीच आहे आणि ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. बाण सर्वत्र लांब वाक्ये लिहीत नाही. प्रासाद, सरोवर, सेना यांची वर्णने पानेच्या पाने चालतात. पण दुःख आले की वाक्य तुटते. पुंडरीकाच्या देहापाशी महाश्वेतेचा आक्रोश आणि त्याआधीची कपिंजलाची कानउघाडणी यांत दोन-दोन, तीन-तीन शब्दांची वाक्ये एकापाठोपाठ येतात. दीर्घ श्वासानंतरचा हा आखूड श्वास म्हणजे 'कादंबरी'ची खरी लय. मुक्तछंदात ती साधता येते: लांबच लांब ओळ, मग एका शब्दाची ओळ. उपमा घेऊन लय सोडणारा कवी बाणाचे दागिने घेतो आणि अंग सोडून देतो.

कवीला आणखी एक निवड करावी लागते आणि ती शैलीपुरती नाही. चांडाळकन्येला पाहून शूद्रक राजाच्या मनात येते की, विधात्याने एवढे रूप घडवले ते अस्पर्श कुळात कशाला? बाण ही खंत राजाच्या तोंडी घालतो आणि पुढे जातो. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात ते वाक्य वाचून सहज पुढे जाता येत नाही. शिवाय उत्तरभागात उलगडते की ही मुलगी चांडाळकन्या नाहीच. ती साक्षात लक्ष्मी, पुंडरीकाची माता, लोकांच्या संपर्कातून सुटावे म्हणून हा वेष घेऊन राहिलेली. म्हणजे काठी आपटून दरबार जागा करणारी जी एकमेव स्त्री तळातून आली, ती शेवटी तळातली नव्हतीच! नव्या कवितेत तिला लक्ष्मी होऊ द्यायचे की नाही? माझे मत असे की होऊ देऊ नये. फरशीवरचा तो काठीचा आवाज तिचा तिच्यापाशी राहावा. संस्कृतज्ञ वाचक याला मूळ कथेचा विपर्यास म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नसेल. लक्ष्मी गेली की कथेची गाठ सुटायची कशी हे कवीला सांगावे लागेल.

शेवटाचा प्रश्नही असाच बिकट. बाण ग्रंथ पुरा करू शकला नाही. कादंबरीची विरहावस्था पत्रलेखा चंद्रापीडाला सांगत असताना, तिच्या बोलण्याच्या मध्येच पूर्वभाग थांबतो. पुढचा भाग बाणाच्या मुलाने लिहिला; त्याचे नाव कुठे भूषणभट्ट, कुठे पुलिंद असे आढळते. शाप, पुनर्जन्म, ओळख पटणे आणि दोन्ही जोड्यांचे मीलन हे सगळे त्याच्या भागात. चित्रकार-कवींपुढे त्यामुळे दोन 'कादंबऱ्या' आहेत: वाट पाहण्यापाशी संपणारी बापाची, आणि भेटीपाशी संपणारी मुलाची. आधुनिक रुचीला पहिली भावते. अपूर्णता आपल्याला खरी वाटते, आणि मुलाची शैली बापाच्या तोडीची नाही असे रसिक म्हणत आले आहेत. मीही बराच काळ पूर्वभागाच्याच बाजूचा होतो.

मात्र मुलाचा भाग टाकून दिला की काय गमावते, हे त्या घोड्याकडे परत गेल्यावर दिसते. उत्तरभागात कळते की इंद्रायुध हा घोडा नसून शापाने घोडा झालेला कपिंजल आहे, पुंडरीकाचा जिवलग मित्र. त्याच सरोवराच्या काठी मित्राच्या देहापाशी बसून रडलेला, ज्याचा आवाज महाश्वेतेने चांदण्यातून येताना दुरून ओळखला होता तो. आता तिचा स्वर त्याच काठावर उमटतो, तेव्हा तो राजपुत्राच्या आधी त्याला ऐकू येतो, आणि त्याच्या तोंडातला घास गळून पडतो. प्रसंग लिहिला बापाने. त्याचे कारण लिहिले मुलाने. बापाच्या मनात ते आधीच असावे, कारण पूर्वभागातही चंद्रापीड प्रथम या घोड्यावर स्वार होताना हा कुणी शापित जीव असावा असे समजून त्याची मनोमन क्षमा मागतो. हिरण्यकेशीच्या कुंडाकाठी कागद पसरून बसणाऱ्याने घोड्याचे कान रंगवण्याआधी ठरवायचे आहे ते एवढेच, की तो स्वर या घोड्याच्या ओळखीचा आहे किंवा नाही. त्यावर डोळा कसा काढायचा हे ठरेल.